क्वांट फायनान्स शिकायचंय, पण सुरुवात नेमकी कुठून करायची? (नाशिक, नोकरी सांभाळून)

सातपूर_सेकंड_शिफ्ट | सोमवार, रात्री १२:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, बीई मेकॅनिकल, वय २९. बहुतेक सेकंड शिफ्ट असते, म्हणजे साडेतीनला पंचिंग आणि रात्री बाराला कंपनीची बस. आता बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, म्हणजे बाजाराचा सगळा वेळ मी घरीच, त्यातूनच दोन वर्षांपूर्वी वीकली (आठवड्याला संपणारे) ऑप्शन घ्यायला लागलो आणि आठ महिन्यांत ६२ हजार गेले. पैसे माझे होते, निर्णयही माझेच होते, त्याबद्दल कोणावर राग नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एकदा निफ्टी वर जाईल असं वाटून कॉल (ठरलेल्या भावाला घ्यायचा हक्क) घेतला, दोन दिवसांत निफ्टी खरंच थोडा वर गेला आणि तरीही माझ्या कॉलचा भाव खाली आलेला होता. दिशा बरोबर आणि पैसे गेले! म्हणजे त्या भावाच्या आत अजून काहीतरी चालू असतं जे मला दिसतच नव्हतं.

तेव्हापासून ट्रेडिंग पूर्ण बंद आहे आणि हे प्रकरण नीट समजून घ्यायचंच असं ठरवलंय. क्वांट फायनान्सच्या नोट्स डाउनलोड केल्या, त्या सरळ स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसपासून (अनिश्चित हालचालींचं गणित) सुरू होतात, चौथ्या पानावर त्यातला मूळ नियम, इटोचा लेमा आला आणि मी तिथेच तीन आठवडे अडकलोय. गणित एम-थ्रीपर्यंत (इंजिनीअरिंगचा तिसरा पेपर) झालंय पण आता सात वर्षं हात लावलेला नाही. कोणत्या क्रमाने शिकू? क्लास लावू का? पायथॉन आधी की गणित आधी? गावी दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, ती नाना बघतात, रविवारी मी तिकडे असतो, तेवढा एक दिवस सोडून रोज सकाळी दोन तास देऊ शकतो.

गोदाकाठचा_वाचक | मंगळवार, सकाळी ७:१५

क्लासच्या बाबतीत माझा अनुभव सांगतो, नाव घेत नाही. ४५ हजार भरले होते, क्वांट म्हणून जाहिरात होती आणि आत गेल्यावर सहा शनिवार चार्टवर रेघा मारणं आणि शेवटी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टिप्स. एकदाही कोणी स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) हा शब्द उच्चारला नाही. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की पहिल्या महिन्यात काय शिकवणार, उत्तरात प्रोबॅबिलिटी नसेल तर घरी या. बाकी जाणकार सांगतीलच, वाचतोय.

शून्य_आणि_एक | मंगळवार, सकाळी १०:४०

सातपूर भाऊ, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी अकरा वर्षं बँकांच्या रिस्क मॉडेलवर काम करतोय, आधी मुंबईला होतो, आता इंदिरानगरला घरूनच. सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे त्या नोट्स बंद करून ठेवा. त्या वाईट नसतील, पण तुम्ही इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून आत शिरायला बघताय. क्वांट फायनान्स म्हणजे भविष्य सांगणं नाही, अनिश्चितता मोजणं आहे. किती कमावेन यापेक्षा किती हलेल, किती वेळा हलेल आणि एकदम किती मोठं हलू शकेल हे आकड्यात मांडणं. आणि त्याची सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून होते, रिटर्नपासून.

वही घ्या. लासलगावला कांदा २००० रुपये क्विंटल आहे समजा. महिन्याभरात १००० झाला, पुढच्या महिन्यात परत २०००. पहिल्या महिन्याचा रिटर्न उणे ५० टक्के, दुसऱ्याचा अधिक १०० टक्के. सरासरी काढा, अधिक २५ टक्के आली. पण चाळीत कांदा ठेवणाऱ्याच्या हातात काय आलं? शून्य (आणि वर सड गेली ती वेगळीच). म्हणजे टक्क्यांची साधी सरासरी तुम्हाला सरळसरळ खोटं सांगते. आता तेच लॉग घेऊन करा, १००० भागिले २००० चा नॅचरल लॉग उणे ०.६९३, आणि २००० भागिले १००० चा अधिक ०.६९३, बेरीज शून्य. लॉग रिटर्नची बेरीज करता येते म्हणून आमच्या कामात बहुतेक सगळीकडे तेच वापरतात. हे एक उदाहरण पाच वेळा हाताने केलं ना की पुढची निम्मी भीती जाते.

मग दुसरी पायरी, व्होलॅटिलिटी, म्हणजे भाव किती हलतो त्याचं माप. रोजच्या लॉग रिटर्नचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायचं, बस. वर्षात बाजाराचे साधारण २५० दिवस, हिशोबाला २५२ धरतात, आणि रोजच्या आकड्याला २५२ च्या वर्गमुळाने गुणायचं, म्हणजे जवळजवळ १६ ने. रोज १ टक्का हलणारी गोष्ट वर्षाला १६ टक्के व्होलॅटिलिटीची झाली. २५२ ने का नाही गुणायचं, वर्गमूळच का? कारण रोजच्या हालचाली एकमेकांवर अवलंबून नसतील तर काही वर जातात काही खाली, त्यांची व्हेरियन्स बेरजेत वाढते आणि स्टँडर्ड डेव्हिएशन हे व्हेरियन्सचं वर्गमूळ. हे वर्गमूळ नीट पचवा, पुढे इटो याच्यातूनच निघतो.

१९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए नावाच्या माणसाने आपल्या प्रबंधात बाजारभावाला हेच गणित लावलं, आइन्स्टाइनचा ब्राउनियन मोशनवरचा पेपर त्यानंतर पाच वर्षांनी आला. म्हणजे या विषयाची सुरुवात कॉम्प्युटरच्या किती आधी झाली बघा, कागद-पेन पुरतं.

डेटा फुकट आहे. एनएसईच्या साइटवर रोजची भावकॉपी (त्या दिवसाच्या सगळ्या भावांची फाइल) मिळते, इंडेक्सचा इतिहासही मिळतो. पहिला महिना एक्सेलमध्येच काढा. पायथॉन दुसऱ्या महिन्यात, तेव्हा काय करायचंय हे माहीत असेल म्हणून पटकन येईल.

तुमच्या कॉलबद्दल, ऑप्शनच्या भावात नुसती दिशा नसते, उरलेला वेळ असतो आणि बाजाराने धरलेली पुढची व्होलॅटिलिटी असते. दोन दिवस उलटले म्हणजे वेळ कमी झाला, आणि एखादी मोठी बातमी होऊन गेल्यावर धरलेली व्होलॅटिलिटी उतरली असेल तर तीही भाव खाली खेचते. तुमच्या निफ्टीने दिलं त्यापेक्षा या दोघांनी जास्त नेलं. ते बघायचं असेल तर इंडिया व्हीआयएक्स (बाजाराने धरलेल्या व्होलॅटिलिटीचा निर्देशांक) त्या दोन दिवसांत किती होता ते काढा, निफ्टी ऑप्शनच्या भावावरूनच तो आकडा काढतात.

खडू_फळा | मंगळवार, दुपारी १:०५

वर सरांनी छान मांडलंय. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, माझी थोडी भर.

गणिताचा क्रम विचारलात तर आधी प्रोबॅबिलिटी, त्यातही कंडिशनल एक्स्पेक्टेशन (काही माहिती हातात आल्यावरची अपेक्षित सरासरी) मन लावून करा, मुलं ते परीक्षेपुरतं करून सोडून देतात आणि नंतर सगळं तिथेच अडतं. मग मीन, व्हेरियन्स, कोव्हेरियन्स, रिग्रेशन. मग मॅट्रिक्स, तुमचं इंजिनीअरिंगचं गणित इथे कामाला येईल. कॅल्क्युलस तुमचं झालेलं आहे, लागेल तसं उजळा. एनपीटीईएलवर (आयआयटींचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल) प्रोबॅबिलिटीची लेक्चर्स फुकट आहेत, पण लेक्चर बघणं म्हणजे शिकणं नव्हे, प्रत्येक लेक्चरमागे किमान चार गणितं स्वतः सोडवा.

आपल्या देवळालीत कापरेकर गुरुजी शाळेत शिकवायचे. ६१७४ या आकड्याला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात आणि तो त्यांना आकड्यांशी हाताने खेळून सापडला. मी वर्गात नवीन बॅचला पहिल्या दिवशी तेच करायला लावते, कोणताही चार अंकी आकडा घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजा करा, परत परत करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४. फायनान्सशी याचा संबंध नाही, पण आकड्याला हात लावायची भीती जाते, आणि मोठ्या वयात परत शिकणाऱ्यांची खरी अडचण तीच असते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते म्हणून लांबण लावते. व्होलॅटिलिटी मोजणं त्या मानाने सोपं आहे, सरासरी रिटर्न मोजणं भयंकर अवघड. समजा कोणी तुम्हाला म्हणालं माझ्या स्ट्रॅटेजीने चार वर्षं सरासरी वर्षाला १० टक्के दिले, व्होलॅटिलिटी १६ टक्के. सरासरीची स्टँडर्ड एरर, म्हणजे ती सरासरी किती चुकलेली असू शकते, ती किती? १६ भागिले चारचं वर्गमूळ, म्हणजे ८ टक्के. १० ला ८ ने भागा, १.२५ आले. आम्ही साधारण २ च्या खाली असेल तर नुसत्या नशिबानेही असं होऊ शकतं असं धरतो. म्हणजे चार वर्षांचा चांगला रेकॉर्डही जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. सोळा वर्षांचा असता तर एरर ४ टक्के, मग १० ला थोडा अर्थ आला असता. यूट्यूबवर तीन महिन्यांचा प्रॉफिटचा स्क्रीनशॉट दाखवतात तेव्हा हा भागाकार करून बघा.

रात्रीचा_कोडर | मंगळवार, रात्री ११:२०

मॅडम +१. मी कॉलेज रोडला एका आयटी कंपनीत आहे, बॅकटेस्टिंगमध्ये (जुन्या भावांवर स्ट्रॅटेजी तपासणं) माझे दीड वर्ष गेले, त्यातल्या तीन चुका लिहितो म्हणजे सातपूर भाऊंचे सहा महिने वाचतील.

एक, भावकॉपीतले भाव ॲडजस्ट केलेले नसतात. एका शेअरला एकास एक बोनस आला, भाव एका दिवसात निम्मा झाला, माझ्या कोडला वाटलं ५० टक्क्यांची पडझड झाली म्हणून त्याने खरेदी मारली. प्रत्यक्षात शेअरहोल्डरचं काही गेलेलंच नव्हतं. हे मला कळायला दोन महिने लागले कारण एकूण निकाल छान दिसत होता आणि छान निकाल आला की माणूस तपासत नाही.

दुसरी म्हणजे मी आजच्या क्लोजवरून सिग्नल काढत होतो आणि आजच्याच ओपनला खरेदी दाखवत होतो. म्हणजे संध्याकाळचा पेपर वाचून सकाळचा सौदा. वर्षाला ४० टक्के दाखवत होतं, पांडाजमध्ये (पायथॉनची डेटा लायब्ररी) सिग्नल एक दिवस पुढे सरकवणारं एक शिफ्ट टाकलं, एकच ओळ, आणि ते ४० टक्के गायब.

तिसरी सगळ्यात चोरटी. आजची निफ्टी ५० ची यादी घेतली आणि २००८ पासून टेस्ट केली. पण आज जे यादीत आहेत ते टिकले म्हणून आहेत ना! सत्यम जानेवारी २००९ मध्ये निफ्टीतून बाहेर काढलं, येस बँक मार्च २०२० मध्ये, असे मधे गळालेले सगळे माझ्या टेस्टमध्ये कधी आलेच नाहीत. त्या त्या वर्षाची यादी त्या त्या वर्षाला वापरली पाहिजे. हे करायला कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. आणि ब्रोकरेज, एसटीटी (व्यवहारावरचा कर), स्लिपेज (ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक) धरा, रोज खरेदी-विक्री करणारी कोणतीही स्ट्रॅटेजी यांच्याशिवाय मोजणं म्हणजे डिझेल न धरता ट्रॅक्टरचा हिशोब.

दिंडोरी_बागायतदार | बुधवार, सकाळी ६:३०

मला यातलं गणित फार कळत नाही पण सातपूर भाऊ आमच्या तालुक्यातले दिसले म्हणून लिहितो. ऑप्शन म्हणजे नक्की काय असतं हे कोणी बागेच्या भाषेत सांगेल का? कारण मला राहून राहून असं वाटतंय की हे आम्ही दरवर्षी करतो. व्यापारी बागेत येतो, मणी चावून बघतो, गोडी मोजतो, ४० रुपये किलोने सौदा ठरतो, इसार म्हणून ११ हजार हातात ठेवतो आणि सांगतो महिन्याभरात खुडा लावतो. भाव चढले की ठरल्या दिवशी क्रेट घेऊन हजर. भाव पडले की फोन लागत नाही. इसार सोडून देतो आणि माल वेलीवर.

शून्य_आणि_एक | बुधवार, सकाळी ९:५०

दादा, तुम्ही जे लिहिलंत ते पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा स्पष्ट आहे. याचंच नाव कॉल ऑप्शन. ४० रुपये म्हणजे स्ट्राइक, महिना म्हणजे एक्सपायरी, इसार म्हणजे प्रीमियम. व्यापाऱ्याला घ्यायचा हक्क आहे, तुमच्या बाजूने मात्र बांधिलकी, कारण शब्द दिला म्हणून तुम्ही दुसऱ्याला माल देत नाही. कागदावर तो पक्का सौदा असतो, पण वागण्यात तुम्ही त्याला कॉल विकलेला असतो, आणि फक्त ११ हजारांना.

आता याची किंमत काढू. आज भाव ४०. महिन्याने दोनच शक्यता धरा, ६० किंवा ३०. ६० झाला तर व्यापाऱ्याच्या हक्काची किंमत किलोमागे २०, ३० झाला तर शून्य. आता ही युक्ती बघा. समजा मी असा एक हक्क विकला आणि सोबत दोन तृतीयांश किलो माल स्वतः घेऊन ठेवला. भाव ६० झाला तर माझा माल ४० रुपयांचा, त्यातले २० हक्कवाल्याला द्यायचे, उरले २०. भाव ३० झाला तर माल २० रुपयांचा, द्यायचं काहीच नाही, उरले २०. दोन्हीकडे २०! म्हणजे जोखीम संपली. महिन्याचं व्याज सोडून देऊ. माल घ्यायला लागले २६.६७, त्यातून शेवटी पक्के मिळणार २०, तर फरकाचे ६.६७ मी आज हक्काचे घ्यायला हवेत. तीच त्याची किंमत.

लक्षात घ्या, भाव चढायची शक्यता किती हे मी एकदाही विचारलं नाही. ऑप्शनच्या सगळ्या गणिताचं मर्म इथे आहे. ऑप्शनच्या किमतीवरचा ब्लॅक आणि शोल्स यांचा पेपर १९७३ चा, मर्टनचाही त्याच वर्षीचा, आणि हा वरचा दोन फांद्यांचा सोपा झाडाचा प्रकार कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी १९७९ मध्ये मांडला. मी नवीन माणसाला नेहमी या झाडापासून शिकवतो.

१०० क्विंटल माल धरला तर १०,००० किलो, ६.६७ ने जवळजवळ ६६ हजार ७००. दिलेला इसार ११ हजार.

खडू_फळा | बुधवार, सकाळी ११:३०

सर, उदाहरण फारच सुंदर आहे पण एका ठिकाणी थांबवते, नाहीतर दादांचा गैरसमज होईल. तुमची सगळी युक्ती माल घेऊन ठेवता येतो यावर उभी आहे. शेअर घेऊन ठेवता येतो, खुडलेलं द्राक्ष महिनाभर त्याच भावाचा माल म्हणून कसं ठेवणार? आणि ६० आणि ३० हे आकडे आपण धरलेले आहेत, भाव २० वरही येऊ शकतो. त्यामुळे ६६ हजार ही पक्की किंमत म्हणून व्यापाऱ्याला सांगता येणार नाही. शेअरवर हे गणित बरंचसं चालतं, द्राक्षावर ते फक्त एवढं दाखवतं की हक्क फुकट नसतो आणि भाव जितका जास्त हलणारा तितका तो महाग.

शून्य_आणि_एक | बुधवार, दुपारी १२:१०

मॅडम, पूर्ण मान्य, मी ते लिहायला हवं होतं. दादा, मॅडम म्हणतात तसंच धरा.

अजून एक जोडतो. आमच्याकडे ज्याला काउंटरपार्टी रिस्क म्हणतात, म्हणजे समोरचा पैसेच न देता गायब होणं, ती तर द्राक्ष पट्ट्यात सगळ्यांनी भोगलेली आहे. एक्स्चेंजवर ती आटोक्यात ठेवायला मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं, ऑप्शन घेणाऱ्याकडून पूर्ण प्रीमियम आणि विकणाऱ्याकडून मार्जिन (तारण रक्कम) घेतलं जातं, तेही रोज हिशोब करून. बागेच्या सौद्यात मधे कोणीच नसतं.

आणि आता सातपूर भाऊंसाठी तिसरी पायरी, जिथे मॉडेल तुटतं. रोजची व्होलॅटिलिटी १ टक्का धरून नॉर्मल कर्व्ह (घंटेच्या आकाराचा) लावला तर १३ टक्क्यांचा दिवस विश्वाच्या वयातही यायला नको. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के पडला, आणि त्याच महिन्यात १२ तारखेला ८ टक्क्यांच्या वर पडून झालेला होता. याला फॅट टेल म्हणतात. आणि व्होलॅटिलिटी स्वतःच बदलत असते, वादळी दिवस एकमेकांना चिकटून येतात, म्हणून माझं वरचं वर्गमूळाचं गणितही अशा महिन्यात कच्चं ठरतं.

कांद्याचं बघा ना. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, ४ मे २०२४ ला बंदी उठली ती ४० टक्के शुल्क लावून. त्याआधीच्या सहा महिन्यांच्या भावांवरून काढलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनला या सरकारी आदेशाबद्दल काय माहीत असणार? भाव नेहमी चालत जात नाहीत, कधी उडी मारतात, आणि मोठे तोटे त्या उडीतच होतात. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ ला नोबेल मिळालं (ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते) आणि ते दोघे ज्या एलटीसीएम या अमेरिकन हेज फंडात भागीदार होते तो १९९८ मध्ये बुडाला, न्यूयॉर्क फेडने (अमेरिकन मध्यवर्ती बँकेची शाखा) बँकांना एकत्र बसवून ३.६ अब्ज डॉलर घालायला लावले. गणित चुकलं नव्हतं, त्यातली गृहीतकं तुटली होती आणि कर्ज अफाट होतं.

गोदाकाठचा_वाचक | बुधवार, संध्याकाळी ७:४५

मी पोर्टफोलिओबद्दल विचारतो, वेगवेगळे शेअर घेतले की जोखीम कमी होते म्हणतात ते नक्की किती?

खडू_फळा | बुधवार, रात्री ९:००

दोन शेअर घ्या, दोघांची व्होलॅटिलिटी २० टक्के, निम्मे निम्मे पैसे. कोरिलेशन (दोघे किती एकत्र हलतात त्याचं माप) शून्य असेल तर पोर्टफोलिओची होते १४.१ टक्के. कोरिलेशन अर्धं असेल तर १७.३, आणि पूर्ण एक असेल तर २० ची २०, काहीच फायदा नाही. हे मार्कोविट्झचं १९५२ चं काम, त्यावर १९९० मध्ये नोबेल मिळालं. पण कागदावरचं कोरिलेशन चांगल्या दिवसांचं असतं. एका शेतकऱ्याने अर्ध्या रानात द्राक्ष आणि अर्ध्यात कांदा लावला, त्याला वाटतं जोखीम वाटली गेली, आणि मग अवकाळी आणि गारपीट आली की मणी तडकतात आणि कांदाही पाण्यात. संकटात सगळी कोरिलेशन एककडे धावतात, मार्च २०२० मध्ये शेअर बाजारात तेच झालं.

रात्रीचा_कोडर | गुरुवार, रात्री १२:१५

नोकरीच्या दृष्टीने कोणी वाचत असेल तर थोडक्यात, नाशिकात या कामाच्या जागा जवळजवळ नाहीत, मुंबई, बंगळुरू, पुणे बघावं लागतं, पण बँकांच्या रिस्क आणि मॉडेल व्हॅलिडेशनमध्ये इंजिनीअर घेतात. स्टॅटिस्टिक्स पक्कं आणि कोड स्वच्छ असेल तर तिकडून शिरणं ट्रेडिंग फर्मपेक्षा सोपं. एनआयएसएमची (सेबीने काढलेली संस्था) इक्विटी डेरिव्हेटिव्हची परीक्षा स्वस्त आहे, ती दिली की बाजाराचे नियम आणि शब्द बसतात, गणित त्यात फार नाही.

आणि शिकता शिकता परत ऑप्शन घ्यायचा हात शिवशिवला तर सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास काढून वाचा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर आणि ऑप्शन) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. समोर अल्गो घेऊन बसलेले लोक आहेत. मी स्वतः कोड लिहितो आणि तरीही वीकली ऑप्शनला हात लावत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:२०

सगळ्यांचे मनापासून आभार, उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी करून बघायचं आणि मगच लिहायचं ठरवलं होतं.

एक्सेलमध्ये निफ्टीचा डेटा घेऊन लॉग रिटर्न काढले, त्यांचा हिस्टोग्राम काढला आणि त्यावर नॉर्मल कर्व्ह बसवला. मधे टोक उंच, खांद्यावर कमी, आणि पार डावीकडे कर्व्ह शून्याला टेकलेला असताना एकेकटे दांडे उभे, त्यातला सगळ्यात लांबचा २३ मार्च २०२०. त्या दांड्याकडे मी किती वेळ बघत बसलो काय सांगू. फॅट टेल हा शब्द आधीही वाचला होता, पण तो स्वतःच्या शीटमध्ये असा एकटा उभा दिसला तेव्हा कळला.

माझ्या जुन्या कॉलचंही शोधलं. सर म्हणाले तसंच निघालं, मी घेतला त्या दिवशी व्हीआयएक्स चढलेला होता आणि विकला तेव्हा उतरलेला. दोन वर्षं छळणारा प्रश्न एका कॉलममध्ये सुटला.

आज बागेत नानांना इसाराचं गणित सांगितलं. फांद्या वगैरे सांगितल्या नाहीत, एवढंच म्हटलं की नाना, आपण त्याला हक्क विकतो आणि त्याचे पैसे घेत नाही. नाना कात्री थांबवून म्हणाले, "म्हणजे भाव हलणार असले की इसार जास्त मागायचा." मला हे वाक्य बोलायला पाच आठवडे लागले असते. यंदा ते इसार किलोमागे मागणार आहेत, ठोक रक्कम नाही. व्यापारी ऐकेल की नाही माहीत नाही, शेजारच्या दोन बागांनाही बरोबर घ्यायचं बोलणं चालू आहे.

आता एक शंका. दोन पायऱ्यांचं झाड केलं. शेअर ४०० चा, दर पायरीला ४० वर किंवा ४० खाली, स्ट्राइक ४००, व्याज शून्य. शेवटी ४८०, ४०० आणि ३२०, म्हणजे हक्काचे ८०, ०, ०. मागे येत वरच्या फांदीवर ४० आले, खालच्यावर ०, आणि सुरुवातीला २०. पण सुरुवातीला अर्धा शेअर धरावा लागतो आणि वरच्या फांदीवर गेल्यावर पूर्ण एक, खाली गेल्यावर काहीच नाही. म्हणजे हात सारखा बदलत राहावा लागतो. हे बरोबर आहे की माझं काही चुकलं?

खडू_फळा | रविवार, संध्याकाळी ५:१०

अगदी बरोबर आहे. याला डायनॅमिक हेजिंग म्हणतात, आणि तुम्ही ते स्वतः शोधून काढलंत याचा मला फार आनंद झाला. नानांना नमस्कार सांगा.

आता तुमचं चौथं पान. पायऱ्या लहान लहान करत जा. थोड्याशा वेळात भाव हलतो तो त्या वेळेच्या वर्गमुळाइतका, बरोबर? मग त्या हलण्याचा वर्ग केला तर तो वेळेइतकाच उरतो. एम-थ्रीमध्ये आपण लहान गोष्टीचा वर्ग फारच लहान म्हणून सोडून द्यायचो, इथे तो सोडता येत नाही. इटोच्या लेम्यात जास्तीचं जे एक पद दिसतं ना, ते हेच.

शून्य_आणि_एक | रविवार, रात्री ८:४०

भाऊ, आता हेच झाड पायथॉनमध्ये करा, वीसेक ओळी लागतील. दर पायरीची उडी रुपयांऐवजी टक्क्यांत धरा आणि वेळेच्या वर्गमुळाच्या हिशोबाने लहान करत जा, नाहीतर उत्तर फुगत जाईल. आधी १० आणि ११ पायऱ्या, मग ५० आणि ५१, मग २०० आणि २०१. आकडा एकदा थोडा वर एकदा थोडा खाली असा होत होत कुठेतरी स्थिरावेल, कुठे स्थिरावतो तो इथे टाका, मी माझ्याकडच्या ब्लॅक-शोल्सच्या आकड्याशी जुळवून सांगतो.